छोट्या ट्रॅक्टरच्या कंपन्यांना खुले पत्र: आम्हाला 36 इंच द्या

प्रति,
छोटे ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते आणि विक्री अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातला शेतकरी. साडेपाच एकर कोरडवाहू वावर, जमीन काळी. साडेतीन एकरांत कापूस आणि मधून तुरीची तासं, म्हणजे ओळी, दोन एकरांत सोयाबीन, विहिरीनं साथ दिली तर त्यावर हरभरा. 2023 च्या उन्हाळ्यापासून दारात 20 एचपीच्या आतला एक छोटा ट्रॅक्टर उभा आहे. कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही. गावात असेच आणखी दोन आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि आम्ही तिघे मालक संध्याकाळी पारावर बसलो की तिघांचं रडगाणं एकाच सुरात चालतं. तेव्हा हे पत्र तुम्हा सगळ्यांनाच.

ट्रॅक्टर वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होतो. हलक्या कामाला तासाला दोन लिटरच्या आत-बाहेर डिझेल पितो. आणि त्याचा एक गुण तर तुमच्या जाहिरातीतसुद्धा मी कधी वाचला नाही: पाऊस उघडल्यावर गावातला मोठा ट्रॅक्टर ज्या वावरात शिरायचं नाव काढत नाही, तिथं माझा एक दिवस आधी जातो. याचं वजन साडेआठशे किलोच्या घरात, 45 एचपीवाल्याचं दोन हजारांच्या. आमच्या काळ्या मातीत वाफसा आला की जेमतेम तीन दिवस टिकतो. त्याआधी गेलं तर चाकाला चिखलाचे गोळे, नंतर गेलं तर ढेकळं. त्या तिनातला एक दिवस जास्तीचा हाती लागणं म्हणजे काय, हे कोरडवाहूवाल्याला विचारा.

माझं म्हणणं निराळं आहे. तुम्ही मोठा ट्रॅक्टर घेतला, चहूबाजूंनी छाटून लहान केला आणि आमच्या हाती दिला. आम्ही मात्र तो बैलजोडीच्या जागी घेतला. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत माझे तीन खरीप गेले.

जोडी कशी गेली तेही सांगतो, कारण गिऱ्हाईक तुमच्या दारात का येतं हे तुम्हाला कळलं पाहिजे. 2022 च्या ऑगस्टच्या शेवटी पोळा होता. आदल्या दिवशी खांद शेकली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हटलं, दुसऱ्या दिवशी पुरणाची पोळी खाऊ घातली. दीड महिन्यानं लम्पीत एक बैल गेला. दुसरा आणावा तर रोगामुळे जनावरांचे बाजार बंद. एकटा बैल कशाला पुरणार? तो ओळखीतल्या एकाला जोड लावायला देऊन टाकला. बाजार उघडले तेव्हा बऱ्या जोडीचा भाव लाखाच्या पुढे गेलेला, वर वर्षभराचा कडबा आणि ढेप. सालदार तर आता गुढीपाडव्याला दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही. शेवटी बँकेत गेलो. अनुदानासाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज टाकलेला होता, पण नंबर लागेपर्यंत थांबलो असतो तर पेरणी हुकली असती, आणि पूर्वसंमतीच्या आधी ट्रॅक्टर घेतला की अनुदान मिळत नाही. नाही तर नाही. जीएसटीही तेव्हाचा 12 टक्के भरला. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्क्यांवर आला, त्या दिवशी विक्रेत्याचा अभिनंदनाचा मेसेज मलाही आला. असो.

शोरूममध्ये मी एकच प्रश्न विचारला होता: "याच्यानं डवरणी होते का?"

विक्रीवाला पोरगा चांगल्या घरचा वाटला, शेतात फार गेलेला नसावा. म्हणाला, "काका, सगळं होते." आणि मला रोटाव्हेटर दाखवायला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला.

इथंच गाडी चुकली. रोटाव्हेटर फिरत्या पात्यांनी सगळी माती ढवळतो, ती डवरणी नव्हे. तुमच्यापैकी जे कोरडवाहू कापसाच्या मुलखातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पीक उगवून पंधरा-वीस दिवस झाले की दोन ओळींच्या मधलं तण कापायला आणि वरची माती मोकळी करायला डवरा फिरवतात. लोखंडी पास मातीखाली दोन-अडीच इंचांवरून सरकत जाते, तणाची मुळी कापते, भेग बुजवते. भेग बुजली की ओल उडत नाही. कापसाला असे तीन-चार फेर हवेत, सोयाबीनला दोन. फेर चुकला की निंदणाची मजुरी वाढते, नाहीतर तणनाशक मारावं लागतं. चोर बीटीचं, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या कापसाचं बियाणं आमच्याकडे का पसरलं, त्याचं अर्धं उत्तर या न झालेल्या डवरणीत आहे. सरकारनं मान्यता दिली नाही हे माहीत असूनही लोक ते लावतात, कारण तण काढायला गावात ना बैल उरले, ना माणसं.

म्हणजे बैल गेल्यावर जे काम अडलं ते नांगरणी नव्हतं. नांगरणीला मी आजही गावातला मोठा ट्रॅक्टर भाड्यानं सांगतो, तीन वर्षांतून एकदा. माझ्या छोट्यानं ती ओढावी अशी माझी अपेक्षाच नाही. अडलं ते डवरणीचं काम.

आता इंचांवर येतो. पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे.

आमच्याकडे कापसाच्या दोन ओळींत 3 फूट अंतर असतं, म्हणजे 36 इंच. सोयाबीनच्या ओळी 18 इंचांवर. बैलजोडी कापसात डवरायला निघते तेव्हा एक बैल ओळीच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला, ओळ दोघांच्या मधून जाते. दोन बैलांमधलं अंतर ठरवतं ते जू. बाबांकडे दोन जू होते, वखराला आखूड आणि डवऱ्याला लांब. एक उतरवून दुसरं चढवायचं, शिवळा घालायच्या, जोत्या बांधायच्या. दहा मिनिटांचं काम. लांब जू कोणा अभियंत्यानं काढलेलं नव्हतं. आमच्या गावच्या सुतारानं वावरात उभं राहून, बाबांच्या गाठी मारलेल्या दोरीनं माप घेऊन ते बनवलं.

ट्रॅक्टरचं जू म्हणजे त्याच्या दोन चाकांमधलं अंतर. एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ते 36 इंच असेल तर बघा काय होतं. कापसात एक ओळ पोटाखालून जाते आणि दोन्ही चाकं शेजारच्या फटींत बरोबर मधोमध चालतात. सोयाबीनमध्ये दोन ओळी पोटाखालून जातात आणि चाकं पुन्हा फटींत मधोमध. एकच माप, दोन्ही पिकं. देवानं जणू आमच्यासाठीच हिशेब जुळवून ठेवलेला.

माझ्या ट्रॅक्टरला मागची चाकं 32 इंचांवर बसतात. रिम उलटी करून घातली की 39. मध्ये काही नाही.

हे मला विकत घेताना कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, ती माझी चूक. पहिल्या खरिपात सोयाबीनमध्ये घातला तेव्हा कळलं. टायर 8 इंच रुंद. 39 वर ठेवलं की चाकाची बाहेरची कड बाहेरच्या ओळीपासून साडेतीन इंचांवर जाते. 32 वर ठेवलं की आतली कड आतल्या ओळीपासून 3 इंचांवर. शेतात 3 इंच म्हणजे काहीच नाही. एखादं ढेकूळ आलं, स्टेअरिंग किंचित हललं, की वीस-पंचवीस झाडं चाकाखाली. वर पुढच्या चाकांचं अंतर मागच्यांशी जुळत नाही, म्हणजे ट्रॅक्टर दोन नाही तर चार पट्टे तुडवत जातो. पेरणीचं तासही माणसानंच पेरलेलं, ते कुठं एवढं सरळ असतं? बाबा धुऱ्यावर बसून बघत होते. पहिलं तास संपल्यावर एवढंच म्हणाले, "बैल पाय कुठं ठेवावा ते पाहून ठेवत होता." शेजारच्या वावरातून मात्र आवाज आला, "काहून गा, खेळनं चालवतं का पीक मोडतं?"

त्या रात्री जेवण झाल्यावर मी आणि भाच्यानं रिम बदलायला घेतली. अंगणात फरशी टाकली, त्यावर जॅक, पुढच्या चाकांना दगडाची टेकण. विजेरी तोंडात धरून भाचा बोल्ट सैल करतोय, बोल्ट हलत नाही, पान्ह्यावर पाइप चढवून त्यावर उभा राहिला तेव्हा कुठं करकर वाजून सुटला. चाक निसटून अंगावर येऊ नये म्हणून मी त्याला पाठ लावून बसलेलो. मातीनं भरलेलं चाक दोन माणसांनासुद्धा उचलत नाही, ते गुडघ्यानं ढकलत, तालात फिरवत बसवावं लागतं. दोन चाकं व्हायला रात्रीचे पावणेबारा. सकाळी पुन्हा वावरात, आणि आता दुसऱ्या बाजूची ओळ चाकाखाली. हसावं की रडावं कळेना.

सर्व्हिसवाल्याला विचारलं तर म्हणाला, एवढं कोणी मोजत नाही.

मोजतात हो. आमच्याकडे सगळे मोजतात. सोयाबीनची एक ओळ एकरात किती झाडांची, एक झाड किती शेंगांचं, हे आमच्या घरातल्या बायकासुद्धा बोटांवर सांगतील. म्हणून पहिली आणि मुख्य मागणी: मागच्या आणि पुढच्या चाकांना 36 इंचांचं एक भोक द्या. रिमला जास्तीची एक पट्टी, अक्षाला जास्तीचं एक छिद्र, नाहीतर पाना न लावता सरकणारी काही युक्ती. ते कसं करायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त घरच्या जॅकवर अर्ध्या तासात झालं पाहिजे, कारण सोयाबीनचा आणि कापसाचा वाफसा एकाच दिवशी येतो, पण वखरणीला आणि ट्रॉलीला मला चाकं रुंद लागतात. अरुंद चाकांवर आडव्या उताराला ट्रॅक्टर कलंडायला किती वेळ लागतो हे तुम्हाला ठाऊकच असेल.

कापसाचं दुखणं आणखी एक. रुंदी जुळली तरी उंची जुळत नाही. माझ्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली जमिनीपासून 10 इंच मोकळे. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, पहिल्या महिन्यात तेवढ्यात मावते, वाकते, पुन्हा उभी राहते. दीड महिन्याची झाली की गुडघ्याला लागते. मागच्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तण जास्त होतं म्हणून धीर करून घातला. एक तास काढलं आणि उतरून मागं बघितलं. झाडं मोडली नव्हती. पण गिअरबॉक्सखालचे बोल्ट आणि तेल काढायचं बूच ओळीच्या शेंड्यांवरून खरवडत गेलेलं, आणि काळ्या मातीवर हिरव्या पात्या, म्हणजे कापसाच्या कळ्या, पडलेल्या. वाकून मोजल्या, तेवढ्या एका ओळीत 41. एक पाती म्हणजे पुढं एक बोंड, सगळ्यांची बोंडं होत नाहीत हे मान्य, पण वर्षाची कमाई अशी मातीवर सांडलेली बघवत नाही. ट्रॅक्टर तिथंच वळवून घरी आणला आणि निंदणाच्या बाया सांगितल्या.

पोट फार उंच केलं तर ट्रॅक्टर डगमगेल, हे मला कळतं. 10 चे 20 इंच करा असं मी म्हणत नाही. निदान पोटाखाली एक गुळगुळीत पत्रा द्या, पुढून निमुळता, होडीच्या तळासारखा. झाड अडकणार नाही, घसरून मागं जाईल. मी स्वतः पत्र्याचा पिंप कापून एक बसवला होता. एका फेरात बरा चालला, मग आवाज करायला लागला, आणि तेल बदलताना तो काढायला चार बोल्ट सोडावे लागतात म्हणून भाच्यानं फेकून दिला.

काही जण मला सांगतात, तूच ओळी बदल. 4 फुटांवर लाव, झाडं 1 फुटावर ठेव. हिशेबात ते बसतंसुद्धा. 3 फूट बाय दीड फुटावर एकरी 9,680 झाडं येतात, 4 बाय 1 वर 10,890. मी गेल्या वर्षी एका एकरात करूनही पाहिलं आणि पीक वाईट आलं नाही. पण ट्रॅक्टरसाठी पिकानं जागा बदलायची की पिकासाठी ट्रॅक्टरनं? हा प्रश्न विचारायचा हक्क ज्यानं पैसे मोजले त्याला आहे, असं मला वाटतं.

आता रोटाव्हेटरचं. जवळपास प्रत्येक छोट्या ट्रॅक्टरबरोबर तुमचे विक्रेते तो गळ्यात मारतात, जोडीत स्वस्त म्हणून. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत तो सोन्यासारखा चालतो हे मी पाहून आलो आहे, तिथं छोट्या ट्रॅक्टरला तोड नाही. नाशिकच्या द्राक्षबागांसाठीही असेल. कोरडवाहू काळ्या जमिनीत दरवर्षी फिरवला तर वर पीठ आणि खाली कडक थर. पहिल्या पावसानं त्या पिठाची पापडी होते आणि सोयाबीनचा कोंब वर येता येता मान मोडून पडतो. माझा रोटाव्हेटर तीन वर्षांत वीस तासही चालला नसेल. कोंबड्या त्यावर रात्री बसतात.

त्याच पैशांत मला डवरा हवा होता. तुमच्या यादीत तो नाही. पंजी आहे, ती जमीन उकरायला. पलटी नांगर आहे, ट्रॉली आहे. म्हणून तालुक्याच्या गावी एका वेल्डरकडे गेलो. त्यानं दुचाकीवर वावरात येऊन माप घेतलं, मग अँगलची चौकट, त्यावर सरकवता येणाऱ्या पाच दांड्या, खाली ट्रकच्या पाट्याच्या पासा असं करून दिलं. 6,800 रुपये. पहिल्या दिवशी पासा खोल गेल्या आणि कापसाच्या मुळ्या उघड्या पडल्या, कारण हायड्रोलिकचा दांडा थोडा खाली करा म्हटलं की एकदम चार इंच खाली जातो. दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या पेरणी यंत्राची दोन चाकं बाजूंना बसवून खोली बांधून दिली. तेव्हापासून तो डवरा उत्तम आहे. मात्र त्याला चाचणी अहवाल नाही, जीएसटीचं पक्कं बिल नाही, म्हणून अनुदानाच्या कोणत्याच यादीत तो कधी बसणार नाही. कृषी विभागाशी मी त्यावर वेगळा भांडेन. तुम्ही एवढं करू शकता की असे दोन-चार वेल्डर शोधून त्यांचे डवरे घेऊन जा, तुमच्या कारखान्यात नीट करा, बुदनीच्या सरकारी यंत्र-चाचणी केंद्रात तपासून घ्या आणि त्या गरिबाचं नाव त्यावर राहू द्या.

डवऱ्याची एक जुनी युक्ती राहिलीच. शेवटच्या फेराला आमच्याकडे डवऱ्याला दोरी गुंडाळतात. मग पासेवरून आलेली माती दोन्ही बाजूंच्या झाडांच्या बुडाशी लोटली जाते आणि मधे आपोआप सरी पडते. जास्त पाऊस आला की पाणी त्या सरीनं निघून जातं, कमी आला की तिच्यात मुरतं. फुकटचं जलसंधारण. ट्रॅक्टरच्या डवऱ्याला मी नायलॉनची दोरी गुंडाळली, ती घसरून एका टोकाला गोळा झाली. बाबांनी अंबाडीची दोरी पाण्यात भिजवून, खेचून गुंडाळली. वाळल्यावर ती अशी आवळली की दोन एकर संपेपर्यंत हलली नाही. बाबा आता 74 वर्षांचे आहेत. ट्रॅक्टरवर ते आजवर एकदाही बसले नाहीत, पण तो चालायचा असेल तर त्याला काय लागतं हे तुमच्या सर्व्हिसवाल्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतं.

आता एक गोष्ट गंभीरपणे लिहितो. गेल्या जानेवारीत लाइट नव्हती म्हणून हरभऱ्याला नाल्यावरून पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणाऱ्या पंपानं पाणी देत होतो. सकाळची थंडी, कानाला दुपट्टा बांधलेला. जोडापाशी गळतंय का बघायला वाकलो आणि दुपट्ट्याचं टोक सुटून शाफ्टला लागलं. पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला 9. त्या जोडाचा घेर वीतभराचा धरा, तरी सेकंदात दोन मीटर कापड आत जातं. माझा दुपट्टा सव्वादोन मीटरचा होता. मला "अरे" म्हणायलाही वेळ मिळाला नाही. गळ्याला हिसका बसला, गुडघ्यावर पडलो आणि दुपट्टा टर्रकन फाटला. घरचीनं तो दोन वर्षांपूर्वीच पोतेऱ्याला काढला होता, मीच परत घेतला होता. जुना होता म्हणून हे पत्र लिहितो आहे. आठ दिवस मान वळत नव्हती.

शाफ्टवर प्लास्टिकची नळी होती. दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकून गळून पडली. सुट्या भागांच्या दुकानात मागितली तर नळी वेगळी मिळत नाही, सगळा शाफ्ट घ्या म्हणाले. आमच्याकडे 45-46 अंशांचं ऊन असतं हे तुम्हाला माहीत नाही असं कसं म्हणू? ती नळी उन्हात टिकेल अशी करा आणि भाकरीच्या तव्याच्या किमतीत कोणत्याही दुकानात मिळू द्या. आमच्या बायका थ्रेशरपाशी लुगड्यात काम करतात, पदर वाऱ्यावर असतो. आणि पुस्तिका मराठीत द्या. मला मिळाली ती इंग्रजी आणि हिंदीत होती. दोन ब्रेकचे पायटे रस्त्यावर जाताना खिटीनं जोडायचे असतात हे मी वर्षभरानं दुसऱ्याकडून ऐकलं, तोवर नागपूर-तुळजापूर महामार्गावरून तसाच कापसाची ट्रॉली घेऊन जात होतो. एका बाजूचाच ब्रेक लागला असता तर कुठं गेलो असतो कोण जाणे.

तुमचा माणूस म्हणेल, एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी वेगळं मॉडेल परवडत नाही. तर गिऱ्हाईक केवढं आहे ते बघा. 1970-71 च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 च्या गणनेत 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. मोठ्या ट्रॅक्टरला वळायलाही ती पुरत नाही. या सव्वातीन एकरवाल्यांच्या गोठ्यात जी जोडी होती ती एकेक करून चालली आहे, आणि तिच्या जागी काहीतरी येणारच आहे. ते तुमचं असावं असं वाटत असेल तर जुन्याचं माप घेतल्याशिवाय जमायचं नाही.

मेकॅनिकबद्दल फार लिहीत नाही. फक्त जून-जुलैत त्याच्या सुट्ट्या बंद करा. त्याला यायला चार दिवस लागतात आणि वाफसा तीन दिवसांचा असतो, हे गणित तुमच्या कोणत्याही कारकुनाला सोडवता येईल.

वावराकडे जाणाऱ्या पांदणीच्या वाटेची तक्रार तुमच्याकडे करण्यात अर्थ नाही, तिच्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज गेला आहे.

तर यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुमच्यापैकी कोणीतरी या. पीक वीतभर झालेलं असेल आणि पावसानं उघडीप दिली तर वाफसाही असेल. विक्रीवाला नको, ज्याच्या हातात टेप असते असा माणूस पाठवा. टेप नसली तर बाबांची गाठींची दोरी खुंटीला आहे. बूट जुने घालून या, काळा चिखल कापडाचे बूट ठेवून घेतो, परत देत नाही. कार डांबरी रस्त्यावर शाळेपाशी उभी करा, पांदणीत आणली तर मलाच ट्रॅक्टर लावून ओढावी लागेल. तिथून वावर दीड किलोमीटर आहे. मी घ्यायला येईन, पण मडगार्डवर कोणाला बसवायचं नाही असं तुमच्याच पुस्तिकेत लिहिलं आहे, म्हणून मी ट्रॅक्टर घेऊन पुढं आणि तुम्ही मागून चालत.

आपला,
देवळी तालुक्यातला एक छोटा ट्रॅक्टरवाला